आवाज राहू दे, ओठ दिसू देत

थोरलीने उभ्या जन्मात कुणापुढे मान खाली घातली नव्हती. गिरणीच्या साहेबापुढे नाही, सासूपुढे नाही, आणि कमरेचं हाड मोडलं तेव्हा डॉक्टरपुढेही नाही. पण सोमवारी दुपारी एका जुन्या कॉम्प्युटरने तिचं नाक खाली केलं.

त्या कॉम्प्युटरच्या वरच्या कडेला मोहरीएवढा कॅमेरा होता. त्यातून तिचा चेहरा दूरच्या गावी, हॉस्पिटलच्या खाटेवर पडलेल्या धाकट्या बहिणीला दिसायचा होता. दिसला तो असा, की धाकटीने डोळे बारीक केले, मान पुढे काढली आणि तिच्या त्या मोठ्या, चढउतार नसलेल्या आवाजात म्हणाली, "ताई, तोंड पुसून टाकलंस की काय? तोंडाच्या जागी नुसता डाग दिसतोय."

धाकटीला ऐकू येत नव्हतं. उरलासुरला कान जाऊनही आठ वर्षं झाली होती. ती समोरच्याचे ओठ वाचायची. फोन तिच्या कामाचा नव्हता. पत्राचं तर नावच नको, कारण दोघींची शाळा दुसरीतच सुटलेली. पत्र लिहायला एक परका आणि वाचायला दुसरा. म्हणून आठ वर्षं दोघींमध्ये जे काही गेलं-आलं ते धाकटीच्या मुलाच्या तोंडून. "आई बरी आहे, मावशी." "मीही बरी आहे म्हणावं तिला." बरी आहे एवढं माणूस कुणाच्याही हाती पाठवू शकतं. थोरलीला जे पाठवायचं होतं ते तिसऱ्याच्या हाती देण्याजोगं नव्हतं.

आणि बुधवारी सकाळी धाकटीची छाती उघडायची होती. डॉक्टरांनी भाच्याला बाजूला घेऊन काय ते सांगितलं होतं, आणि भाच्याने ते मावशीला फोनवर सांगताना मध्येच दोनदा खोकून घेतलं होतं. थोरलीला शब्दांपेक्षा ते खोकणंच जास्त कळलं. उठून जावं म्हटलं तर दोन दिवसांचा प्रवास, आणि तिची स्वारी चार पायांच्या लोखंडी आधाराशिवाय मोरीपर्यंतही जात नव्हती. हातात उरला होता एक मंगळवार.

"उद्या पुन्हा करायचं," ती नातीला म्हणाली. "पण हा आंधळा नको. तुझा तो मोठा डोळा लाव."

मोठा डोळा म्हणजे नातीचा डिजिटल कॅमेरा. नात घड्याळांच्या आणि चष्म्यांच्या दुकानांसाठी मालाचे फोटो काढायची. फोटो असे, की घड्याळाच्या तबकडीवर धुळीचा एक कण राहिला तरी दुकानदाराआधी तिलाच दिसायचा. कॅमेऱ्याला ती घरात कुणाला हात लावू द्यायची नाही.

"आजी, तो फोटोचा कॅमेरा आहे गं. कॉम्प्युटरला तसा थेट लागत नाही. मध्ये एक डबी घालावी लागते, वायर वेगळी, आणि..."

"लागतो की नाही?"

"लागतो, पण..."

"मग डबी आण. तुझा 'पण' दुकानातच ठेवून ये."

मंगळवारी सकाळपासून घरातलं जेवणाचं टेबल कामाला जुंपलं गेलं. नातीने कॉम्प्युटर मांडला, त्याच्या मागे तिपाई उभी केली, आणि पडद्याच्या वर वीतभर कॅमेऱ्याची काळी काच आली. कॅमेऱ्यातून एक वायर काडेपेटीएवढ्या डबीत गेली, डबीतून दुसरी कॉम्प्युटरमध्ये. सून दारात भिजलेले हात पुसत उभी होती.

"आई, एवढं काय बोलायचंय तुम्हाला?" ती म्हणाली. "घाबरू नकोस म्हणायचं, सगळं नीट होईल म्हणायचं. त्याला हा एवढा घाट?"

"तू तुझ्या बहिणीशी एवढंच बोलतेस वाटतं? परवा पडदे कुठल्या रंगाचे घ्यावेत यावर दीड तास चालला होता."

सून आत गेली. जाताना "आमच्या पडद्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय" असं पुटपुटली. थोरलीला ते ऐकू आलं; तिचे कान शाबूत होते. आणि तिच्या सगळ्या दुखण्याचं मूळ तेच होतं.

पडदा आधी काळा राहिला, मग एकदम उजळला. त्यात थोरली आली, पण तिच्या गालांवर, कपाळावर, सगळीकडे आकडे आणि खुणा. तोंडाभोवती एक पांढरी चौकट.

"हे काय?"

"कॅमेऱ्याला तुझा चेहरा सापडला, त्याची खूण आहे ती."

"सापडला तर सापडला. चौकटीत कशाला बसवतोय? अजून आहे मी."

नात हसली आणि कॅमेऱ्याच्या आतल्या याद्या उघडून एकेक खूण पुसत बसली. आकडे गेले, बॅटरीचं चित्र गेलं, सरतेशेवटी चौकटही गेली. मग उजेड. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळवंडायचा, म्हणून थोरलीची खुर्ची फिरवली. घड्याळांसाठी वापरायची तसा दिव्यावर पांढरा कागद लावून तो तिच्या हनुवटीखालून वर सोडला. शेवटी नातीने काचेच्या नळीवरची कडी केसभर फिरवली, आणि थोरलीचे ओठ आपोआप मिटले.

इतकं स्वच्छ तिने स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. आरशात माणूस आपल्या सोयीने बघतं. इथे सोय नव्हती. वरच्या ओठावरच्या उभ्या सुरकुत्या, खालच्या पुढच्या दोन दातांची रिकामी जागा, ओठ हलला की हलणारा तीळ. तिचा हात सवयीने तोंडावर गेला. दात गेल्यापासून ती बोलताना हात आडवा धरायची. घरातल्यांना वाटायचं, म्हातारीची लकब आहे.

"एक लक्षात ठेव," नात म्हणाली. "एका बॅटरीवर अर्धा तास, फार तर पाऊण. भिंतीत लावायची वायर माझ्याकडे नाही. दुसरी बॅटरी चार्जिंगला लावलीय. आणि खुणा मी पुसल्यात, त्यामुळे बॅटरी कधी संपत आली ते दिसणार नाही."

"तू बस की पहारा देत."

भेटीची वेळ चार ते पाच होती. साडेतीनलाच थोरली खुर्चीत बसली आणि हात मांडीवर ठेवून गप्प राहिली. ती गप्प बसली की घरात सगळ्यांना धाकधूक व्हायची.

तिच्या डोळ्यांपुढे मागखातं होतं. दोघी बहिणी वयाच्या अठराव्या-विसाव्या वर्षी गिरणीत लागल्या, शेजारशेजारच्या मागांवर. एका छपराखाली दोनशे माग. आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडे आपटायचा तो दोनशे ठिकाणी एकाच वेळी. तिथे ओरडलेलं स्वतःलाही ऐकू यायचं नाही. म्हणून तिथल्या बायका आवाज वापरतच नसत. नुसते ओठ हलवायच्या, मोठे, सावकाश, सगळा चेहरा कामाला लावून. दहा मागांपलीकडची बाई दहा मागांपलीकडचीला सासूच्या कागाळ्या सांगायची आणि तिकडून उत्तर यायचं. मुकादमाच्या नाकासमोर त्याची नक्कल व्हायची आणि तो बिचारा सूत तुटलंय का ते बघत हिंडायचा. धाकटी त्यात सगळ्यांत तरबेज. ती म्हणायची, खोटं बोलणारा आवाज सांभाळतो, ओठ सांभाळायचं त्याला सुचत नाही.

मग एका वर्षी गिरणीने कान तपासणारा डॉक्टर आणला. कापड तपासायच्या खोलीत एक जागा रिकामी झाली होती. ती खोली शांत. भिंती जाड, काम बसून. ज्या बाईचे कान बिघडायला लागलेत तिला ती जागा द्यायची असं ठरलं. धाकटीच्या कानात तेव्हा रात्रंदिवस शिट्टी वाजायची. ती झोपेतून उठून बसायची. हे माहीत होतं फक्त थोरलीला, कारण धाकटी भित्री. डॉक्टरसमोर "काही नाही, बरं आहे" म्हणून आली होती. साहेबाने थोरलीला आपल्या केबिनमध्ये बोलावलं आणि विचारलं, "तुझ्या बहिणीच्या कानांबद्दल बायका काहीतरी बोलतात. खरं काय?"

त्या प्रश्नाला थोरलीने जे उत्तर दिलं ते पंचेचाळीस वर्षं तिच्या घशात हाडासारखं अडकून होतं. आणि आज ते बाहेर काढलं नाही, तर उद्यानंतर कुणापुढे काढायचं?

चार वाजता पडद्यावर भाचा आला, "नमस्कार मावशी" म्हणाला आणि बाजूला झाला. त्याचा कॉम्प्युटर नवा होता. तिकडचं सगळं लख्ख दिसायचं. उशीला टेकून बसलेली धाकटी, हाताला चिकटवलेली नळी, विंचरून मागे बांधलेले चार केस.

"आता दिसलीस," धाकटी मोठ्यांदा म्हणाली. "केवढी म्हातारी झालीस गं!"

"तू जशी कोवळी काकडीच राहिलीस."

"काय? कुणाशी बोलतेयस? खाली काय बघतेस? हात काढ तोंडावरचा!"

थोरलीने हात काढला आणि पुन्हा बोलली. धाकटीने पुन्हा मान हलवली. इकडे कुणाला काही उमगेना. मग नातीच्या ध्यानात आलं. थोरली बघत होती पडद्यावरच्या बहिणीकडे, आणि कॅमेऱ्याची काच होती वीतभर वर. तिकडे धाकटीला दिसत होती खाली मान घालून काहीतरी पुटपुटणारी बाई.

"आजी, या काचेत बघ. इथे, गोल भोकात. मावशीआजी तिथे आहे असं समज."

"अगं, पण ती तर खाली आहे."

"तू काचेत बघितलंस की तिला वाटेल तू तिच्याकडे बघतेयस."

"आणि मला ती दिसणार नाही?"

नातीने खांदे उडवले. "नाही दिसणार. तू बोलशील तेवढा वेळ नाही."

आठ वर्षांनी बहीण समोर आली, आणि तिच्याशी बोलायचं तर तिच्यावरून नजर काढायची. थोरलीने नातीकडे असं बघितलं, जणू हा नियम तिनेच केलाय. मग मान वर केली. काच काळी होती, खोल, विहिरीसारखी, आणि तळाशी खिडकीचा एक इवलासा चौकोन चमकत होता.

"हां!" खालून धाकटीचा आवाज आला. "आता बोल!"

थोरलीने श्वास घेतला. पाठीमागे नात होती, स्वयंपाकघराच्या दारात सून, तिकडे भाचा. सगळ्यांनी कान टवकारले होते. तिने आवाज घशातच ठेवला, आणि पंचेचाळीस वर्षांनी ओठ पहिल्यांदा मागखात्यातल्यासारखे उघडले.

पहिला शब्द जमला नाही. गालांचे स्नायू गंजले होते. दुसऱ्यांदा तिने हनुवटी खाली ओढली, ओठ गोल केले, पसरवले, मिटले. बरोबर. हाताचं काम अंगात राहतं तसं तोंडाचंही राहतं.

"आजी, आवाज जात नाहीये!" नात पुढे झाली. "थांब, माइक बघते."

थोरलीने काचेवरची नजर न काढता तिला एका हाताने मागे लोटलं.

"अगं, तुझं काहीच ऐकू येत नाहीये..."

"बटण बंद असेल," सून म्हणाली. "किंवा ती डबी. मला पहिल्यापासून ती डबी बरी दिसत नव्हती."

दोघी टेबलाखाली वायरी चाचपत राहिल्या. वर थोरली बोलत होती.

तिने सांगितलं: त्या दिवशी साहेबाने मला विचारलं, तुझ्या बहिणीचे कान बिघडलेत का. मी म्हटलं, तिचे कान ठणठणीत आहेत. मी म्हटलं, मलाच चक्कर येते, जागा मला द्या. चक्कर येत नव्हती मला. माझ्या पोटात तिसरा महिना होता, आधीची दोन राहिली नव्हती, मागापुढे उभं राहायची भीती वाटायची. पण ते मी साहेबाला सांगितलं नाही, आणि तुलाही नाही. तुला सांगितलं असतं तर तू आपणहून जागा दिली असतीस. मला तुझ्याकडून मागून घ्यायचं नव्हतं. मागितलं की माणूस लहान होतं ना! म्हणून चोरून घेतली. मी शांत खोलीत बसून कापड उलगडलं आणि तू नऊ वर्षं त्या धडधडाटात उभी राहिलीस. तुझे कान मी घालवले.

इतकं बोलून तिचा चेहरा दुखायला लागला. काचेच्या तळाशी तो खिडकीचा चौकोन तसाच होता. खाली बहीण काय करतेय, रडतेय, की तोंड फिरवून घेतलंय, तिला काही दिसत नव्हतं. आणि खाली बघायची हिंमत, जन्मात पहिल्यांदाच, तिला होत नव्हती.

तेवढ्यात कॅमेऱ्यातून बारीकशी टिक झाली आणि वरचा लाल ठिपका विझला.

"बॅटरी!" नात टेबलाखालून उठताना डोकं आपटून घेत ओरडली. "संपली! थांब, दुसरी आणते," आणि ती आतल्या खोलीकडे पळाली.

आता काचेत बघण्यात अर्थ नव्हता. थोरलीची नजर आपोआप पडद्यावर उतरली. धाकटी तिथेच होती.

"ताई? काळोख झाला इकडे," ती मोठ्यांदा म्हणाली. मुलाकडे एकदा बघितलं. मग तिचा आवाज बंद झाला आणि ओठ हलायला लागले.

पंचेचाळीस वर्षांनंतर आपल्याला वाचता येईल की नाही, याची थोरलीला शंका होती. एकही अक्षर चुकलं नाही.

सांगून झालं की पळालीस, धाकटीचे ओठ म्हणाले. जुनी खोड. असशील तिथे, तर बघ. साहेबाच्या केबिनला काच होती, ताई. तू उभी होतीस माझ्याकडे तोंड करून. मी मागावरून सगळं वाचलं. तिचे कान ठणठणीत आहेत. मला जागा द्या. तेव्हाच वाचलं.

थोरली खुर्चीच्या काठावर आली.

मी वाट बघितली, धाकटी म्हणत होती. आज सांगशील, उद्या सांगशील. तुझा मुलगा झाला तेव्हा त्याला मांडीवर घेऊन बसले होते, तेव्हाही वाटलं, आता सांगशील. मग वाट बघायची सोडून दिली. राग नव्हता असं मी म्हणणार नाही. फार होता. उजवा कान गेला त्या वर्षी तर तुझं तोंड बघू नये असं वाटायचं. तुला वाटायचं ना, ही येत का नाही? म्हणून येत नव्हते.

नात बॅटरी घेऊन धावत आली आणि कॅमेऱ्याचं झाकण उघडायला गेली. थोरलीने तिचं मनगट धरलं. घट्ट, हाडाला लागेल असं.

"आजी, अगं, तिला तू दिसत नाहीयेस."

"थांब."

नातीने आजीकडे बघितलं आणि बॅटरी हातातच राहिली. आजीच्या दोन्ही गालांवरून पाणी चाललं होतं. आजोबा गेले तेव्हाही या घरात कुणी ते पाहिलं नव्हतं. सून दारातून एक पाऊल पुढे आली आणि तिथेच उभी राहिली.

पडद्यावर धाकटी दमली होती. ती उशीवर मागे टेकली, पण ओठ थांबले नाहीत. आज वाचलं, ते म्हणाले. तुझ्याच तोंडून. पोटातलं मात्र मला माहीत नव्हतं. ते साहेबाला सांगितलंच नाहीस, तर मी कुठून वाचणार? मग ओठ मिटून ती काळोखाकडे बघत राहिली.

थोरलीने मनगट सोडलं.

"घाल," ती म्हणाली.

"डोळे पुसतेस का आधी?"

"घाल म्हटलं ना. दिसू दे."

बॅटरी बसली, लाल ठिपका पेटला. थोरलीने मान वर केली आणि त्या काळ्या काचेत, ओल्या गालांनी, हात मांडीवर ठेवून बघत राहिली. बोलण्यासारखं तिच्याजवळ जे होतं ते बोलून झालं होतं.

मग धाकटीचा तो सपाट आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"ताई, पाच वाजत आले. नर्स हाकलतेय. आता मी दमलेय. उद्या उठले तर भांडू."

थोरलीने काचेत बघत, आवाज न काढता, एकच शब्द म्हटला: ऊठ. धाकटीने मान डोलावली. भाच्याचा हात पुढे आला आणि पडदा विझला.

मग नात हळूहळू वायरी काढायला लागली. डबीपर्यंत तिचा हात गेला तेव्हा थोरलीने लोखंडी आधारावर भार देऊन स्वतःला उभं केलं.

"त्याला हात लावू नकोस," ती म्हणाली. "जसं आहे तसं राहू दे."

"पण आजी, मला उद्या चष्म्यांचे फोटो..."

"चष्मे थांबतील."

"आई, मग जेवायचं कुठे? टेबल तर..." सुनेने सुरुवात केली आणि सासूच्या तोंडाकडे बघून वाक्य गिळलं. "राहू दे. आज खालीच बसू."

थोरली दारापर्यंत गेली. तिथे थांबून तिने मागे वळून पाहिलं. टेबल, तिपाई, वर ती काळी काच.

"आणि दोन्ही बॅटऱ्या भरून ठेव," ती नातीला म्हणाली. "हिचं भांडण अर्ध्या तासात आटोपणारं नाही."